पेटीतले जोडे आधी बाहेर काढा

बाळांनो, हे वाचायला घ्याल तेव्हा धाकटा चष्मा शोधत असेल आणि तो त्याच्या कपाळावरच असेल. थोरला टेम्पोची किल्ली टेम्पोलाच ठेवून वर आला असेल. मी सकाळी सांगितलेलं तुमच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, मग मी गेल्यावरचं काय टिकणार? म्हणून कागदावर घालून ठेवते. सांगते मी, लिहिते धाकटी सून. मला अक्षर येत नाही, आणि तुम्हाला येत असून घराला त्याचा काही फायदा झालेला नाही.

तर खाली अंगठा उठवणारी मी, खोकी बनवणाऱ्या सुताराची विधवा, वय विचाराल तर दात गेले पण चावायची हौस राहिली एवढं, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पुरावा पाहिजे असेल तर आज न्हाणीघरातला दिवा कोणी चालू ठेवला ते मला विचारा. (धाकट्याने. दिव्यांच्याच दुकानात कामाला आहे, त्याला वाटतं गिऱ्हाईक वाढवावं.) मी हे कोणाच्या दडपणाने करत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर हे त्याच्याच पाठकोऱ्या बाजूला लिहायला लावलं असतं.

दडपण नाही, घाई मात्र आहे. आज संध्याकाळी कोपऱ्यावरचा सिमेंटवाला या घराचा इसार घेऊन येणार आहे. माझ्या मुलांनी त्याला शब्द दिला आहे. घर माझ्या नावावर, शब्द त्यांचा.

कलम पहिलं, अंगठ्याचं. शनिवारपासून माझ्या डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली आहे. तवा लागला असं मी सांगितलं. थोरल्याने धावत जाऊन मलम आणलं, त्याचं भलं होवो. ते न फोडता औषधवाल्या बाईंना परत केलं आणि पैसे घेतले. अंगठा ठणठणीत आहे. शनिवारी धाकटा कागद घेऊन आला आणि म्हणाला, “आई, इथे एक ठसा दे, बाकी आम्ही बघतो.” तू बघतोस तेव्हा दूध उतू जातं, राजा.

तोंडावर नाही का म्हटलं नाही, असं तुम्ही विचाराल. नाही म्हटलं की तुम्ही दोघे दोन बाजूंना बसून समजावता. मी समजूतदार बाई आहे, समजावलं की समजते. म्हणून ती वेळच येऊ दिली नाही.

थांब गं, जरा खिडकीतून डोकावते. टेम्पो वाजला.

टेम्पो नव्हता, पाण्याचा टँकर होता. लिही पुढे.

कलम दुसरं, घराचं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, लाकडी कठड्याचा जिना, वर गच्ची. एका बाजूला न्हाव्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला गल्ली. मिळकत स्वकष्टाची आहे. कोणाचे कष्ट ते सांगते, कारण कागदपत्रांत ते लिहिलेलं नसतं.

तुमच्या वडिलांना खोक्यांचे पैसे मिळायचे ते खायला पुरायचे, उरायचे नाहीत. उरवायचं काम घराचं होतं. संध्याकाळी एकच दिवा, त्याच्याखाली सगळे. थोरला अभ्यास करायचा, धाकटा उजेडातच झोपायचा, मी निवडणं-टिपणं करायची. कपडे धुतलेल्या पाण्याने जिना धुवायचा. साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवून नवी वडी करायची. तीन रंगांचा साबण आपल्याच घरात होता, शेजारच्यांना वाटायचं भारी आहे. थोरल्याचे जोडे धाकट्याला यायचे आणि धाकट्याचे परत थोरल्याला, कारण दोघांच्या पायांना वाढीची शिस्त नव्हती.

आणि तुमची बहीण, माझी लेक. ती तुम्हा दोघांच्या आधी कमवायला लागली, शर्टांच्या कारखान्यात, कॉलर शिवायला. पगार माझ्या हातात द्यायची आणि बसभाड्यापुरते काय ते मागून घ्यायची. तेही घेऊन चालत जायची आणि महिन्याच्या शेवटी परत आणून द्यायची. तिची कारखान्यातली पाळी उशिरा सुटे. ती येईस्तोवर जेवण गार व्हायचं, गरम करायला रॉकेल जायचं. मी म्हणायची गारच खा. तुमच्या वडिलांना ते सहन होईना. त्यांनी खोक्याच्या फळ्यांची एक पेटी केली, जाड झाकणाची, दोन बाजूंना लोखंडी कड्या. कारखान्यात कापून उरलेल्या चिंध्या लेकीने साहेबांना विचारून पोत्याने आणल्या, त्या मी आत ठासल्या. मधोमध पातेलं बसेल एवढी जागा. डाळ-तांदळाला स्टोव्हवर एक खणखणीत उकळी द्यायची, पातेलं पेटीत ठेवायचं, झाकण लावायचं. भात आपला आपण शिजतो. तास गेले तरी वाफ तशीच.

नियम एकच. लेक येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडलं की ऊब गेली. त्यामुळे ती येईपर्यंत कोणी जेवायचं नाही, आणि ती आली की सगळे एकत्र. पेटी केली ती तिच्यासाठी, पण वाचलेल्या रॉकेलाने वरच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. तुम्ही भिंतीला खिळा ठोकता तेव्हा न जाळलेल्या रॉकेलात ठोकता, हे विसरू नका. विसरालच.

वरच्या खोल्यांचा स्लॅब पडला त्या दिवसाची गोष्ट सांगते, ती कागदावर पाहिजे. कामावरच्या माणसांसाठी मोठं पातेलं पेटीत ठेवलं होतं. थोरल्याने झाकण जरासं उघडून पाहिलं, शिजतंय ना म्हणून. नंतर धाकट्याने पाहिलं, थोरल्याने नीट लावलं ना म्हणून. मग तुमच्या वडिलांनी, पोरांनी छेडलं तर नाही ना म्हणून. जेवायच्या वेळी तांदूळ दगडासारखे. प्रत्येकजण म्हणतो, “मी एकदाच उघडलं!” हे आमचं घर. सगळ्यांना काळजी, म्हणून सगळे उपाशी. शेवटी लेक कामावरून आली, पातेलं स्टोव्हवर चढवलं, उभ्या उभ्या सगळ्यांना वाढलं आणि स्वतः खरवड खाल्ली. कोणाला एक शब्द बोलली नाही. माझ्या पोटची असून कशी बोलली नाही, मला अजून कळत नाही.

आता ती पेटी कुठे आहे? वरच्या जिन्यापाशी. थोरल्याने तिच्यात जोडे ठेवले आहेत.

म्हणून असं ठरवते: माझ्यामागे हे घर, वरचं आणि खालचं, जिना आणि गच्चीसकट, पूर्णपणे माझ्या लेकीच्या मालकीचं होईल.

इथे सुनेचा हात थांबला. मला अक्षर दिसत नाही, थांबलेला हात बरोबर दिसतो.

“काय गं, शाई संपली?”

“शाई आहे, आई.”

“मग?”

“हे म्हणत होते की घर विकलं की ताई सहा महिने भाऊजींकडे राहतील, सहा महिने आमच्याकडे.”

“माझी लेक काय पाहुण्यांची गादी आहे? कोणाकडे पाहुणे आले की तिकडे न्यायची?”

“आणि ताई स्वतःच म्हणाल्या, विकू दे, मला एक कोपरा पुरे.”

“ती म्हणेलच. तुझं काय ते बोल.”

“मला नव्या जागेत गॅलरी मिळणार होती.” हे ती अगदी हळू म्हणाली. “चार कुंड्या ठेवल्या असत्या.”

“लिही ते.”

“मृत्युपत्रात?”

“घर माझं, कागद माझा, शाई तुझ्या नवऱ्याची. लिही.”

तिने लिहिलं. गॅलरीची मला थट्टा करायची नाही. ज्या घरात दिवा लावायलाही विचारावं लागलं त्या घरात नांदलेल्या बाईला चार कुंड्यांची हौस असते, यात तिचं काही चुकत नाही. म्हणून घर लेकीचं असलं तरी गच्चीचा गल्लीकडचा भाग धाकट्या सुनेने कुंड्यांसाठी वापरावा, तो तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. पाणी मात्र कपडे धुतलेलं घालायचं, दुसऱ्या खेपेचं. पहिल्यात साबण फार असतो.

दोघा मुलग्यांनी आपल्या बायका-पोरांसह वर राहावं, राहायचं तेवढं. भाडं नाही. दिवा ज्याचा, बिल त्याचं.

लेकीला सांगणं. बये, काटकसर मी तुला शिकवली ती तेलाची, साबणाची, दिव्याची. स्वतःची काटकसर करायला मी शिकवलेलं नाही, ते तू कुठून उचललंस कोण जाणे. भाऊ डोळ्यांत पाणी आणून आले तर त्यांना चहा दे, घर देऊ नकोस. ही विनंती नाही, अट आहे. तुझ्या हयातीत हे घर विकायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही, गहाण ठेवायचं नाही. आणि खालच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी जिथे मी बसते, तिथे तू बसायचंस. मागच्या काळोख्या खोलीत नाही.

सुनेने इथे नाक पुसलं. सर्दी आहे म्हणते.

कलम तिसरं, मुलग्यांचं. आम्हाला काय, असं म्हणाल. थोरल्याच्या टेम्पोचा पहिला हप्ता आणि धाकट्याच्या कॉलेजची फी कॉलरच्या शिलाईतून गेली, तेव्हा तुम्ही विचारलं नाही की ताईला काय. तरी देते. पतपेढीत जे आहे ते दोघांत सारखं वाटून घ्यावं. जास्त नाही, पण भांडायला पुरेल. वडिलांची हातोडी आणि पकड थोरल्याला. त्याने ती टेम्पोत ठेवू नये, टेम्पोतलं सगळं चोरीला जातं, टेम्पो सोडून. धाकट्याला तो जुना दिव्याचा होल्डर, ज्याच्याखाली तो झोपायचा. बटण अजून चालतं. दोन्ही बाजूंना चालतं, एवढं त्याने बघावं.

थोरली सून माझ्याशी शिलाई मशीनवरून बोलत नाही. मशीन लेकीचं आहे, आधीही होतं. माझी लोकरीची शाल थोरल्या सुनेला. ती चांगली आहे, मी फार वापरली नाही, वाचवली.

कलम चौथं, न्हाव्याचं. शेजारच्या न्हाव्याने आमची शिडी स्लॅबच्या वेळी नेली ती दिलेली नाही. त्याला दुसरा साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. शिडी आल्याशिवाय सही घेणार नाही. साक्षीदार फुकट मिळतो, शिडी मिळत नाही.

आता हे सगळं औषधवाल्या बाई मोठ्याने वाचून दाखवतील. सूनबाई, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. तुझ्या नवऱ्याच्या विरुद्धचं तू स्वतःच्या हाताने लिहिलंस. मी तुझ्या जागी असते तर दोन शब्द गाळले असते. पण दूधवाल्याचंही माप मी बघून घेते, आणि तो देवमाणूस आहे.

वाचून झालं. एक शब्द गाळलेला नाही. एक बदललेला आहे: जिथे मी ‘माझी लेक’ म्हटलं तिथे एकदा सुनेने ‘आमच्या ताई’ लिहिलं होतं. औषधवाल्या बाई म्हणाल्या, खोडू का? मी म्हटलं, राहू दे, पण त्याच्यापुढे माझे शब्दही लिहा. तसं केलं आहे.

माझ्यासमोर वाचलं, मी ऐकलं, मला मान्य आहे. चिंधी सोडून अंगठा उठवते.

डाव्या अंगठ्याचा ठसा: खोकीवाल्या सुताराची विधवा

साक्षीदार पहिली: औषधाच्या दुकानातली बाई (सही)

साक्षीदार दुसरा: शेजारचा न्हावी (सही, शिडी आली, एक पायरी तुटलेली आहे, तो म्हणतो आधीपासून तुटलेली होती, नव्हती)

लिहिणारी: धाकटी सून (सही)

ठिकाण: खालची पुढची खोली, खिडकीपाशी, दिवा न लावता. दिनांक: पगाराच्या आधीचा सोमवार, आकडा औषधवाल्या बाईंनी आपल्या हाताने वर घातला आहे.

कागद औषधवाल्या बाई नेतील. चिंधी परत बांध गं, शाई दिसायला नको. सिमेंटवाला आला की सांगायचं, अंगठा अजून बरा नाही, अंगठा बरा झाला की बघू. नाही, थांब, आत्ताच बांधू नकोस. अंगठा ओला आहे तोवर एक कलम राहिलंय ते घाल, शाई कशाला वाया घालवायची? साक्षीदारांनो, बसा, खालीही सही लागेल.

कलम शेवटचं. मी गेल्यावर लेक घरात बसून राहणार नाही. पगार कापतात, म्हणून ती तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी कारखान्यात जाईल, मी तिला ओळखते, आणि डब्यात काही घेऊन जाणार नाही. त्या दिवशी पेटीतले जोडे आधी बाहेर काढा. पेटी पुसून उन्हात ठेवा. भात, डाळ आणि बटाटे घाला, मोठ्या पातेल्यात, तिच्या रांगेत शिवणाऱ्या बायकांनाही पुरेल इतकं. तेलाला हात आखडू नका. एवढा एक दिवस मी बघत नाही. चांगली उकळी आली की पातेलं पेटीत. पेटीला दोन कड्या आहेत: एक थोरल्याने धरायची, एक धाकट्याने. टेम्पोत घालू नका, हादऱ्याने झाकण हलतं. चालत जा, पावलाला पाऊल मिळवून, आणि कारखान्याच्या फाटकाशी जेवणाची सुट्टी होईपर्यंत उभे राहा. झाकण ती उघडेल. शिजलं का बघायला म्हणून तुम्ही नाही, एकदाच म्हणून नाही. आणि मीठ उकळतानाच घाला, विसराळूंनो. मागाहून घालायला झाकण उघडता येणार नाही.