चंद्रीचं पहिलं झबलं

थळ, गुरुवार, ९ जानेवारी १९५८

शिवण शिकायला येणाऱ्या चंद्रीला पहिला कपडा म्हणून झबलं मीच निवडून दिलं. दोन सरळ शिवणी, काज नाही. नवशिक्या हाताला याहून सोपं काय? शिवाय तिला सातवा महिना. काल तिनं स्वतः कापड कापलं, गळा अगदी गोल.

आज तिची सासू दारात, मुठीत तो गळा चुरगळलेला. "बाय, पोर व्हायच्या आदी त्याचं कापड कापतात? गेल्या येलेला आठव्यात पोर गेला. तुमाला पोर न्हाय, तुमाला काय कलनार!"

मी गप्प बसते होय! "कात्रीनं पोरं मरत असती तर शिंप्यांचे वंश बुडाले असते," म्हटलं. बरोबरच बोलले. मग चैन का नाही?

ही रीत मला ठाऊक नव्हती? होती. कॉन्व्हेंटात अशा गोष्टींना हसायला शिकवलं, मी अजून हसतेच आहे. पण यंदा काही विपरीत झालं तर खापर माझ्यावर नाही, चंद्रीवर फुटणार. गळा तिनं कापला ना!

उद्या त्यांच्या घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगणार, कापड मी कापलं. धडधडीत खोटं. आधी चंद्रीला गाठून बजावायला हवं, नाहीतर ती वेडी खरं बोलून बसेल.