गोदामांमागचा लाल डाग

३ जानेवारी
संकल्प: यंदा कुणाच्याही आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. मुलांच्या दम्याचा विभागवार नकाशा करायचाय. दमेकरी मुलांसाठी शहरात एकच नवं केंद्र होणार: डॉक्टर, वाफेची मशीन, सगळं. कुठे, ते माझं मॉडेल ठरवणार. नोंदीचा नियमही माझाच. मूल ज्या दवाखान्यात येईल, त्या विभागाचं धरायचं. सुटसुटीत.

७ जानेवारी
सगळा नकाशा फिका, एकच विभाग लालभडक. नेमका आमचा, गोदामांमागचा. मुलं मूठभर, आजारी भरमसाट. कुठेतरी पाणी मुरतंय. आमच्या विभागातल्या दवाखान्यातली सिस्टर केंद्र पदरात पाडायला आकडे फुगवत असणार.

८ जानेवारी
सिस्टरला फोन. म्हणाली, येऊन खोकला ऐका. गेलो नाही. खोकला काय, कुणीही काढतं.

१२ जानेवारी
आमची मुलगी खोकते. बरोबर शाळेच्या वेळेला. लक्ष ठेवणे.

१४ जानेवारी, रविवार
आजही खोकली. पोरगी भलतीच पोहोचलेली आहे.

१९ जानेवारी
उपाय सापडला. छोट्या विभागाचा आकडा भरवशाचा नसतो, तो शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढायचा. शास्त्रशुद्ध पद्धत आहे. आमचे शेजारी म्हणजे तलावाकाठचे बंगले आणि टेकडीवरची बाग. थोडं ओढलं, गुलाबी झालं. आणखी ओढलं. आता छान हिरवं.
बायको म्हणाली, दिवसभर ट्रक आपल्या दारात धूर सोडतात, आणि हवा तलावाची धरता? ही सिस्टरला ओळखते का, तपासणे.

२ एप्रिल
केंद्र तलावाकाठी सुरू. साहेब खूश. आमची सिस्टर रडली म्हणे. नाटक.

२० मे
आमच्या विभागाचा आकडा धाडकन खाली आलाय. म्हटलं नव्हतं? साहेबांना लगेच कळवलं. तलावाकाठचा मात्र चढलाय. आता बंगलेवाल्यांवर संशय. उद्या अचानक जाऊन पकडणार.

२१ मे, तलावाकाठचं केंद्र
अचानकच आलो. सकाळी मुलीला श्वास घेता येईना. आमच्या सिस्टरने हात टेकले, तिच्याकडे मशीनच नाही. रिक्षाने इथे.
रांगेत पुढे आमच्या वरच्या मजल्यावरची जुळी, मागे किराणावाल्याची नात. सगळी आमचीच गल्ली. बंगलेवाला एकही नाही.
नोंदवणाऱ्या बाईंनी मुलीला तलावाकाठच्या आकड्यात घातलं. म्हटलं, आम्ही गोदामांमागचे.
त्या म्हणाल्या, "नियम आहे. मूल जिथं येईल तिथलं."
मुलगी मांडीवर आहे. आज ती खोकतसुद्धा नाही, नुसती धापा टाकते. फार घाबरलोय. नंबर अजून लागलेला नाही.
साहेबांचा मेसेज आलाय. मॉडेल खरं ठरलं, अभिनंदन.