वांगी काळी का पडली, याचा खुलासा

दौंड, ता. ११ फेब्रुवारी २००२

ती. दगडोबामामा व मामींना महेंद्रचा सविनय जयभीम. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि म्हैस सुखरूप व्यायली असेल, असं धरून चालतो. आम्ही सर्व खुशाल आहोत, हे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर काल माझ्या हातून मोठा घोटाळा झाला.

काल कोरेगाव भीमाची मंडळी आपलं घर बघायला आली होती. मोनालीचे वडील म्हाळूआप्पा आणि तिची आजी सोजरबाई. (मोनाली मला पसंत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, किती ते ठाऊक नाही. कुरकुंभला कंपनीत मी नेमकं काय करतो, हे तिने पहिल्याच भेटीत विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलं. असं आजवर कुणी केलेलं नाही, तुम्हीसुद्धा.) आईचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून भाजी चिरायचं माझ्याकडे आलं. आता लॅबमध्ये मी सात वर्षं पावडरीतला ओलावा तपासतोय. सॅम्पलला पाणी लागता कामा नये, हे अंगात मुरलेलं. त्या सवयीने मी वांगी-बटाटे धुतले, कोरडे पुसले, एकसारखे काप करून कोरड्या ताटांत मांडले आणि ताटाताटाला चिठ्ठी लावली: वांगी, सकाळी ८.४०. मिठाच्या पाण्यात टाक, असं आई तीनदा म्हणाली. मी तिला पडून राहायला सांगितलं. फोडणी पाहुणे आल्यावर द्यायची, म्हणजे गरम वाढता येतं. पण अकराला यायची माणसं चौफुल्याला जीप पंक्चर झाल्याने दीडला आली, आणि तोवर वांगी काळी ठिक्कर पडली होती.

घर बघायला आलेली बाई बाहेरच्या खोलीत चहा पिऊन थांबत नाही, ती थेट ओट्यापर्यंत जाते. सोजरबाईंनी ताट पाहिलं, चिठ्ठी पाहिली (वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिली), मग माझे हात पाहिले आणि म्हाळूआप्पांना म्हणाल्या, "कंपनीचं औषध हाय ह्या हाताला. आपली पोरगी रोज ह्येच्या हातचं पानी पेनार?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, मामा. पण मला घाम फुटला आणि घाम फुटला की मी समजावून सांगतो. म्हटलं, तोडलेली भाजी मेलेली नसते, ती श्वास घेत असते. सुरी लागली की तिच्या आतल्या बारीक बारीक खोल्या फुटतात, वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी एकत्र येतात, त्यांना हवा लागते आणि काप काळा पडतो. जखमेवर खपली धरते तसं समजा. त्यावर आजी म्हणाल्या, "जित्ती हाय म्हंता, आन् सकाळधरनं कापून ठिवता व्हय?" मग मी कांदा घेतला. अख्ख्या कांद्याने डोळे झोंबत नाहीत, झोंबणारी वाफ कांदा कापल्यावरच तयार करतो, हे दाखवायला मी खिडकी लावून चार कांदे चिरले. सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. शेजारच्या भागुबाई डोळ्याला पदर लावूनच आत आल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, कोण गेलं. पाहुणे वरणभात खाऊन, रविवारी कळवतो म्हणून उठले. म्हाळूआप्पांनी जाताना हात मिळवला नाही, लांबूनच जयभीम केला. मला फार भीती वाटते, मामा. हे स्थळ गेलं तर दुसरं बघायची माझ्यात उमेद नाही.

तुमचा भाचा,
महेंद्र

ता. क. सोजरबाईंचं माहेर तुमच्याच गावचं, न्हावरं; त्या तुमचा शब्द मोडणार नाहीत. रविवारच्या आत कोरेगावला जाऊन माझे हात स्वच्छ आहेत एवढं सांगाल का?

आणखी ता. क. (मंगळवार. पत्र अजून टाकलेलं नाही.) भागुबाईंकडे मोनालीचा फोन आला होता. तिने स्वतःच्या हाताने वांगी चिरून दीडपर्यंत कोरडी ठेवली आणि आजीला दाखवली. तिचीही काळी पडली. तेव्हा हाताचं प्रकरण मिटलं. आता आजीचं म्हणणं एवढंच, "हाताचं काय न्हाई, पर त्यो लई बोलतो. पोरीनं कवा बोलायचं?" तेव्हा हातांचं राहू द्या. मी मुळात अबोल आहे, एवढंच सांगा. आणि हे पत्र कुणाला दाखवू नका. (कांद्याचं अर्धवट राहिलेलं सोबतच्या तीन कागदांवर लिहिलं आहे, ते फक्त तुमच्यापुरतं.)