पुटच्या आधीचा शब्द

९ फेब्रुवारी १९९९, मंगळवार

परत अनुपच! कापडवाल्याची जाहिरात फोनच्या लायनीवरून अहमदाबादच्या छापखान्यात गेली, की आमचे मालक जयवंतराव साहेब गुजरातीत म्हणणार, "वाह दीकरा!" — शाब्बास बेटा. मी दिवसभर झेरॉक्स मारतो, तर मला — "विश्राम, पंखो बंद कर."

घरी पारोळ्याला लिहून बसलोय, कॉम्प्युटरवर असतो म्हणून. नववी नापासाला ती खुर्ची कोण देतो!

११ फेब्रुवारी

माझं झेरॉक्सचं मशीन अनुपच्या पाठीमागेच. तो टाइप करताना मोठ्यानं बोलतो. ऐकून ऐकून पाठ झालं. आपला कॉम्प्युटर म्हणजे क्लायंट, हुकूम सोडणारा. तिकडचा सर्व्हर, तो आकड्यात उत्तर देतो. आपण युजर म्हणून नाव सांगायचं. तिकडून ३३१ — नाव कळलं, पासवर्ड बोल. बरोबर असला की २३० — या आत! गेट म्हटलं की तिकडची फाइल इकडे, पुट म्हटलं की इकडची तिकडे. पण फोटो असेल तर पुटच्या आधी बायनरी म्हणायचंच. नाहीतर लिहिलेला मजकूर समजून मधलं काहीबाही बदलतं, फोटोचा चिवडा.

टायपिंगवाल्या मुग्धाला हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. हसली. "अनुपनं शिकवलं ना?"

अनुपनं!!

१२ फेब्रुवारी

साल्याचा शर्टपण रोज इस्त्रीचा.

१५ फेब्रुवारी, सोमवार

आज साहेब अनुपच्या मागे येऊन उभे. फोटो जायचा होता. अनुप मोठमोठ्यानं — "युजर... पासवर्ड... २३० आलं... आता पुट." बायनरी म्हटलंच नाही! वर मान वळवून मला, "काय विश्राम, बरोबर ना?"

मी कागद सारखे करत राहिलो. "मला काय कळतंय त्यातलं!"

एंटर मारलं. २२६ — पोचलं. सर्व्हरला काय, चिवडा पोचला तरी पोचलाच.

दहा मिनिटांत अहमदाबादचा फोन. फोटो खुलतो ज नथी, उघडतच नाही! माझ्या पोटात गुदगुल्या. आता साहेब फाडणार त्याला!

नाही फाडलं. नुसतं माझ्याकडे बघितलं, आत गेले.

१ मार्च, सोमवार

अनुपला पुण्यात नोकरी लागली. उद्या जातो. खुर्चीत देवेश, फतेगंजच्या कॉम्प्युटर क्लासमधला.

अनुप चहाला घेऊन गेला. म्हणाला, "महिनाभर साहेबांच्या मागे होतो, माझ्या जागी विश्रामला बसवा, त्याला सगळं येतं. ते म्हणाले, चूक पकडून दाखवू दे. म्हणून तो शब्द गाळला रे मी. खरंच लक्षात नाही आलं तुझ्या?"

नाही, म्हटलं.