नोंदवलेला मोबाईल नंबर

टाकवे बुद्रुक
दि. २३ नोव्हेंबर २०२५

चि. सुहास यास,
ताईचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून हसू नकोस. टाकव्याहून लोणावळा असं किती लांब, आणि हातात फोन असताना ताईला कागद कशाला लागला, म्हणशील. फोनवर तू "ताई, ऐक ना" म्हणालास की माझं बोलणं पोटातच राहतं. मागच्या दोन्ही वेळेला तसंच झालं. कागदाला मध्ये कुणी तोडत नाही, म्हणून कागद.

आम्ही बऱ्या आहोत. आईचा गुडघा धरलाय, थंडी पडली की धरतोच. पिंकीचं बारावीचं वर्ष, सकाळी तळेगावला जाते ती दिवेलागणीला येते. मी पॉलिहाऊसवर तुझ्या दाजींच्या जागेवर लागलेय. फेब्रुवारीच्या गुलाबासाठी छाटणी चालू आहे, दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेत. हातमोजे मागितले तर सुपरवायझर म्हणतो, "सोपान कधी मागत नव्हता." म्हटलं, "तो मागत नव्हता ते मला माहीत आहे. मी मागतेय." दुसऱ्या दिवशी दिले बापुड्यानं.

अनिताला सातवा लागला ना? तिला पाण्याचे हंडे उचलू देऊ नकोस. तू आळशी आहेस म्हणून लिहिते.

आता बँकेचं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार, कारण तुझ्या तोंडून ते मी एकदाही सरळ ऐकलं नाही.

दाजींचं खातं पगाराचं होतं, झिरो बॅलन्सचं. तूच काढून दिलंस, तू नवा नवा बँकमित्र झालास, बँकेचं सेंटर टाकलंस तेव्हा. गेल्या वर्षी पावसाळ्यात फुलांना भाव नव्हता, कंपनीनं सगळ्यांना तीन महिने घरी बसवलं. नंतर नवा कंत्राटदार आला, तो हातावर रोख पैसे द्यायला लागला. खात्यात पगार येईना, तर बँकेनं ते खातं आपल्या मनानं साधं करून टाकलं. साध्या खात्यात ठरावीक शिल्लक ठेवावी लागते, नाही ठेवली की दर महिन्याला दंड, आणि दंडावर पुन्हा जीएसटी. होते ते अकराशे रुपये त्यात गेले आणि खातं वजात गेलं. माणसानं एक पैसा उचललेला नाही आणि तो बँकेचा देणेकरी झाला!

मे महिन्यात दाजींनी तुझ्याच काउंटरवर पाचशे भरले. दरवर्षी भरायचे, त्या चारशे छत्तीसच्या विम्यासाठी. ते पाचशे बँकेनं वजातल्या पैशापोटी कापून घेतले. विम्याचा हप्ता जायच्या वेळी खात्यात काही उरलं नव्हतं. ऑगस्टमध्ये दाजी गेले. छातीत कळ आली म्हणाले, आणि कामशेतचा दवाखाना यायच्या आधी माझ्या मांडीवर गेले. मग बँक म्हणाली, विमा मेमध्येच बंद पडलाय, दोन लाख मिळणार नाहीत.

शाखेतल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी काळंबेरं आहे. म्हणाले, "मॅडम, चार्जेसचे सोळाशे बावन्न आम्ही परत करतो. इथं सही करा, तक्रार मिटली."

मी विचारलं, "चुकून कापले होते का?"

"चुकून नाही हो. माणुसकी म्हणून देतोय."

"माणुसकी राहू द्या साहेब. कापले ती चूक होती, एवढं लिहून द्या."

ते काही लिहीनात. का लिहीनात ते मला एसटीत बसल्यावर उमगलं. दंड चुकीचा असेल तर दाजींचे पाचशे खात्यात होते. पाचशे होते तर हप्ता जायला हवा होता. आणि तो बँकेच्या चुकीनं गेला नसेल तर दोन लाख बँकेनं भरले पाहिजेत. त्या पैशांवर पिंकीचं नर्सिंग आहे. माझ्या रोजात तिचा एसटीचा पास निघतो, नर्सिंगची फी निघत नाही. सोळाशेवर सही केली असती तर पोरीला कायमचं माझ्या शेजारी गुलाबाच्या ओळीत उभं केलं असतं. मला ते नको आहे. एवढं एकच मला नको आहे.

म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. अर्ज पिंकीनं फोनवरून भरला, सांगितला मी. महिन्याभरानं बँकेचं उत्तर आलं, की खातं बदलण्याआधी ग्राहकाला कळवलं होतं, प्रत्येक दंडाच्या वेळी कळवलं होतं, हप्ता फेल गेला तेही कळवलं होतं. सगळं नोंदवलेल्या मोबाईल नंबरवर. खाली तो नंबर. पिंकी वाचत होती, मी भाकरी थापत होते. नंबर पोरीनं दोनदा वाचला.

"काय गं?"

"मम्मी, हा मामाचा नंबर आहे."

तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली.

तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, "ताई, ऐक ना. तेव्हा लोक ऑफर बघून सिम बदलायचे. ओटीपी कुणाचा कुठं जायचा पत्ता नसायचा. माझा नंबर टाकला की काम पटकन व्हायचं. मी दोनशेच्या वर खात्यांना टाकलाय." खरंय ते. तुझ्या मनात पाप नव्हतं, हे मी कुणापुढेही सांगेन. ठाकरवाडीच्या म्हाताऱ्या तुझ्यावरून बोटं मोडून दृष्ट काढायच्या, तुझ्यामुळं त्यांना पेन्शनसाठी चार हेलपाटे पडायचे नाहीत. मला तुझा अभिमान वाटायचा. वाटायचा म्हणजे लय वाटायचा.

पण मेसेज आले ना रे? बाकीचे तुझ्या दोनशे खात्यांच्या गर्दीत गेले असतील, मान्य. हप्ता फेल गेल्याचा तू उघडलास. हे तूच बोललास, मी काढून घेतलं नाही. "वाटलं पुढच्या आठवड्यात माझे पाचशे टाकीन, मग राहिलं." राहिलं तर राहिलं. माणूस विसरतो. मी गॅसवर दूध ठेवून विसरते.

त्याचा राग नाही. राग पुढचा आहे. दाजींच्या जलदान विधीला माझ्यासमोर मांडी घालून बसलास आणि म्हणालास, "विम्याचं मी बघतो, ताई. तू काळजी करू नकोस." तेव्हा तुला माहीत होतं. मला मृत्यूच्या दाखल्यासाठी, वारसाच्या कागदासाठी वडगावला खेटे घालायला लावलेस, तेव्हाही माहीत होतं. मी रोज बुडवून रांगेत उभी राहायचे आणि तू फोनवर विचारायचास, "आज काय झालं?" कसं रे विचारवलं तुला? शेजाऱ्यापाजाऱ्यानं केलं असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तुला शिवी द्यायची तर आपल्याच आईबापाला लागते.

मग तू आईला सांगितलंस, ताई माझं सेंटर बंद पाडायला निघालीय. हे मात्र तुला लगेच सांगता आलं.

आईचं तोंड सुटलं. "गेलेला काय परत येनार हाय व्हय? हाय त्याच्या पोटावर कशाला पाय देतीस? त्याच्या घरात लेकरू यायचंय."

मी म्हटलं, "पिंकी लेकरू नाही का?"

"पोरीचं काय, लगीन करून दे."

त्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून ती माझ्या हातचं खाईना. शेजारच्या झुंबरबाईकडून भाकरी आणायची, माझ्याकडे पाठ करून खायची. आपलीच आई, आपल्याच घरात. पिंकी एकदा तिच्यापाशी ताट घेऊन बसली तर तिलाही उठवलं.

आणि त्यातच लोकपालाच्या ऑफिसातून विचारणा आली. हा नंबर तुमचा किंवा तुमच्या पतीचा आहे का? नसल्यास कोणाचा? माहिती असल्यास लेखी कळवा. मी ठरवलं होतं, नुसतं "नाही" लिहायचं. तुझं नाव घ्यायचं नाही. पिंकी म्हणाली, "मग बँक म्हणेल, पप्पांनीच दिला होता. फॉर्मवर खाली त्यांची सही आहे." बरोबर होतं तिचं. तरी मी लिहिलं नाही. तो कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि रोज भात शिजवत राहिले. नवऱ्याच्या मागं भाऊही घालवायचा, एवढी माझी छाती नव्हती.

मग गेल्या रविवारी तू आलास. मला वाटलं, आता बोलशील. म्हणशील, ताई, चुकलं माझं, मी स्वतः जाऊन सांगतो. मी तुझ्यासाठी सुकट केली होती. तू जेवलास, हात धुतलास आणि म्हणालास, "ताई, एवढंच लिही की नंबर दाजींनीच दिला होता. मेलेल्या माणसाला कोण विचारायला येतंय?"

ते वाक्य तू बोलायला नको होतंस, सुहास.

तुझ्या सेंटरला शटर नव्हतं तेव्हा हा मेलेला माणूस तिथं दारात आठ रात्री झोपला. तुझ्या मशीनची चोरी होऊ नये म्हणून! त्याच्या नावावर मी खोटं लिहू? जिवंतपणी त्याचे पाचशे गेले, आता त्याचा शब्दही घालवू?

तर आता जे लिहायला मी इतकी पानं खाल्ली ते लिहिते. मी उत्तर दिलं. काल वडगावच्या पोस्टातून रजिस्टर केलं, पावती माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय, की हा नंबर माझ्या सख्ख्या भावाचा, सुहासचा, तो लोणावळ्याला बँकमित्र आहे. खात्यांचे फॉर्म भरताना त्यानं तो सोयीसाठी टाकला, कुणाला लुबाडायला नाही, हेही लिहिलंय. आणि दोनशेच्या वर खात्यांवर तोच नंबर आहे, हेही. तुला हे शेवटचं सगळ्यात जास्त झोंबेल. पण त्या म्हाताऱ्यांनाही कुणीतरी सांगायला हवं, की त्यांच्या नावाचे मेसेज कुठं जातात.

सेंटर जाईल. पुढे काय होईल मला माहीत नाही, कदाचित पोलिसही येतील. मला दोन लाख मिळतील की नाही तेही माहीत नाही, बँकेला पळवाटा पुष्कळ. तुझं नक्की नुकसान करून मी माझ्या पोरीसाठी एक नुसतं "कदाचित" घेतलंय. त्याबद्दल मला रडू येतं. पण कागद परत आणावा असं वाटत नाही. अनिताच्या बाळंतपणाला बोलावलंस तर येईन, तोंड फिरवलंस तरी तिच्यासाठी येईन.

एक राहिलं. आई उद्या सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे येतेय, हे पत्र तिच्याच पिशवीत देतेय. काल पोस्टातून आल्यावर मी तिला म्हटलं, "सुहासला लिहून देते काय ते." तिला वाटलं, मी माघार घेतली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. आज कितीतरी दिवसांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली, वर अजून कालवण मागितलं. मी तिला खरं सांगितलं नाही. मला ते ताट मोडवेना.

तिला वाचता येत नाही. दारात पाय ठेवल्या ठेवल्या पिशवीतून काढून तुझ्या हातात देईल आणि म्हणेल, "काय लिवलंय, वाच." तेव्हा "ताई बरी आहे" म्हणून घडी घालू नकोस. तिला बसव, पाणी दे आणि पहिल्या ओळीपासून वाच. दुसऱ्याचा निरोप पुन्हा तुझ्याकडे आलाय. हा तरी पोचव.

अजूनही तुझीच ताई,
रेणुका