वन्स मोअर आला तर?

शनिवार, संध्याकाळ

इथल्या मराठी मंडळाच्या संगीत नाटकात नायिका मी होते. चार महिने ऑफिस सुटलं की थेट जुरोंग ईस्टला तालमीला. आज आमचे अध्यक्ष देसाईकाका म्हणाले, "मुंबईहून सिनेमातली नटी आणतोय. हॉल भरेल गं. तिला गाता येत नाही, म्हणून तुझी पदं रेकॉर्ड करू. ती ओठ हलवेल."

ओठ हलवेल! संगीत नाटकात!

मी विचारलं, "आणि वन्स मोअर आला तर?"

"तेच पुन्हा वाजवू."

"तीच तान, जशीच्या तशी?"

पेटीवर बसलेल्या जोशीबाईंनी भाता मिटला.

"आवाज हवा असेल तर त्याच्याबरोबर मीही येणार," मी म्हणाले आणि निघाले.

राग कशाचा आलाय, भूमिका गेल्याचा की पदांच्या अपमानाचा? दोन्हींचा. त्यात लाजायचं काय?

घरी भांडी घासताना पहिलं पद मोकळ्या गळ्यानं म्हटलं. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी जाळीच्या दारातून डोकावल्या. वाटलं, आता तक्रार.

"गर्ल, वन मोअर टाइम, कॅन?"

हात पुसले आणि गायले. तान वेगळी घेतली.