दीदीच्या मांडीवरची वाळू

सुवा, इस्पितळ, १२ जून १९११

तीर्थरूप सुखदेई दीदीस,
गिरिजादत्ताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

प्रथम एक गंभीर तक्रार. माझ्या उजव्या पायाचा अंगठा सार्वजनिक झाला आहे. पट्ट्यांतून पायाचा तेवढाच भाग बाहेर उरल्याने सकाळी डॉक्टर तो चिमटतात, मग मेट्रनबाई, आणि झाडूवाला उगाचच. रक्त पोचते का, ते पाहतात म्हणे. अख्खे व्याकरण मुखोद्गत असलेल्या, शेहेचाळीस वर्षांच्या ब्राह्मणाची ही दशा!

बाकी क्षेम. उसन्या आणलेल्या घोड्याने मला कथेला नेता नेता उसाच्या पाटात टाकले, हे तुला कळलेच आहे. मांडीचे हाड मोडले. मोडलेली टोके एकमेकांवर चढू नयेत म्हणून पायाला दोरी बांधून, खाटेच्या टोकाच्या कप्पीवरून वाळूची पिशवी खाली सोडली आहे. ती अष्टौप्रहर पाय ओढते. डॉक्टर मॅक्रे म्हणतात, असाच पडून राहिलास तर पाय सरळ जुळेल, नाहीतर आखूड होऊन जन्मभर लंगडशील. लंगड्या कथेकऱ्याने नदीकाठच्या वस्त्या पायी कशा फिराव्यात आणि खावे काय? म्हणून निमूट पडून आहे. शेजारच्या खाटेवरचा, इथला मूळ बेटवासी इलाइतिया नारळाच्या झाडावरून पडून हात मोडून आला आहे. तो विचारतो, पंडित, पिशवीत तुझी पापे भरलीत का? मी म्हटले, बाबा रे, एवढ्याशा पिशवीत कशी मावतील?

येताना चार रोट्या आणि लोणचे आण. इथे रोज उकडलेला दालोचा, आपल्या अळकुडीसारखा कंद. लोभ आहेच, त्यावर थोडे तूप वाढावे.

तुझा
गिरिजा

नावुआ, १९ जून

चि. गिरिजादत्तास अ. उ. आ.

मजकूर माझा, अक्षर तुझ्या जिजाजींचे. तुला भेटून मी काल रात्री सुखरूप घरी पोचले. तू फार वाळलास. जिजाजी म्हणतात, जीभ तेवढी शाबूत आहे. हे लिहू नका म्हटले होते, तरी त्यांनी लिहिलेच असणार.

एक सांगते, रागावू नकोस. तुझ्या पायाला ते ओझे पाहून माझा जीव कळवळला. इलाइतियाला भेटायला आलेल्या त्याच्या मावशांसारखी मीही खाटेपाशी जमिनीवर बसले होते. पिशवी माझ्या डोक्याशीच लोंबत होती. तुझा डोळा लागल्यावर मी ती हळूच मांडीवर घेतली आणि दुपारभर धरून बसले. मेट्रन आली की वर पदर टाकी. इलाइतिया तोंडावर हात ठेवून हसत होता. तू तर चक्क घोरलास! मग सांग, असल्या ओझ्याचा उपयोग काय? त्यापेक्षा आमच्या झगरू हाडवैद्याकडे ये. बांबूच्या कामट्या बांधून मोकळे करील. जिजाजी म्हणतात, झगरूने पाय बांधलेली बकरी अजून तीन पायांवर चालते. पण ती बकरी मुळातच हट्टी होती.

जिवाला जप. आमची माया तुझ्यावर आहे तशीच आहे.

तुझी
दीदी

सुवा, २२ जून

तीर्थरूप दीदीस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने एका शास्त्रीय कोड्याचा उलगडा झाला. सोमवारी डॉक्टरांनी फीत लावली, तर पाय बोटभर आखूड. त्यांनी कप्पी तपासली, दोरी तपासली, पिशवीही तोलली, आणि शेवटी माझ्याकडे संशयाने पाहिले. इलाइतियाने उशीत तोंड खुपसले होते, आणि मला वाटले हा रडतोय!

काल तुझे पत्र आले, तरी डॉक्टरांना मी एवढेच सांगितले की झोपेत कुशीवर वळलो असेन. तुझे नाव घेतले असते, तर मेट्रनबाईंनी नावुआची बोटच बंद पाडली असती. तू मात्र स्वतःला बोल लावू नकोस. महिन्याभरात तशी झोप मला लागली नव्हती. झगरूकडे मी येत नाही. बकरीची साक्ष पुरेशी आहे.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पाय असाच आखूड जुळू द्यायचा, नाहीतर येत्या सोमवारी गुंगीचे औषध हुंगवून हाड पुन्हा ओढून बसवायचे. मी दुसरी पत्करली. जिजाजींना नमस्कार. त्यांच्या अक्षराला सद्बुद्धी होवो. माझ्यावर आहे तो लोभ उणा होऊ न द्यावा.

तुझा
गिरिजा

ता. क. वरचे सगळे हसत लिहिले. आता खरे लिहितो. ते औषध हुंगून झोपलेला माणूस उठतोच असे नाही. मी विचारले, तर डॉक्टरांनीही ते नाकारले नाही. या बेटांवर तुझ्यावाचून मला कोणी नाही. रविवारच्या बोटीने ये, दीदी. मला फार भीती वाटते.